चिंचोक्यांचा कीबोर्ड

रंगारी येणार म्हणून माळा रिकामा करायला घेतला. कामोठ्याच्या या घरात येऊन बरीच वर्षं झाली, पण माळ्यावर एकदा चढलेली वस्तू आपणहून खाली येत नाही. फुटका कुलर निघाला, नातवाची लहानपणची सायकल निघाली, पितळेचं पिंप निघालं. पिंपामागं जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. हाताला लागताच मला कळलं काय ते.

लुगडं सोडलं. कॉम्प्युटरचा कीबोर्ड. पिवळा पडलेला, वायर मुळाशी कापलेली. काही बटणं मूळची आणि जिथं बटणं नव्हती तिथं चिंचोके. चांगले मोठे, तपकिरी, घासून घासून गुळगुळीत झालेले. फटींमध्ये अजून कुंकवाची लाली. नाकाशी धरला तर सायकलचं पंक्चर काढतात त्या सोल्युशनचा वास आला. इतक्या वर्षांनी वास राहतो का, मला माहीत नाही. मला आला.

खालून भंगारवाल्याची हाळी ऐकू येत होती. तो आमच्या गल्लीत फेऱ्या मारत होता. कुलर, सायकल आणि हा, असं एका बाजूला काढून ठेवलं आणि जरा टेकले.

तेव्हा आम्ही कोपरखैरण्याला राहायचो. माथाडी कामगारांची बैठी घरं होती ती. आमच्या ओळीत सगळे सातारकडचे. बाया पहाटे नळावर भांडायच्या तेही गावाकडच्या बोलीत. पुरुष तुर्भ्याच्या बाजारात पोती वाहायचे. माझा मालक वाहायचा, तो गेल्यावर त्याच्या टोळीत माझा दत्ता लागला.

बाजार मी फार वेळा पाहिला नाही, पण तो रोज माझ्या घरी यायचा, दत्ताच्या कपड्यांत. शिमग्याच्या सुमाराला शर्ट झटकला की सगळं घर खोकायचं, म्हणजे मिरचीच्या गाळ्यावर काम होतं. मग आंब्याचे दिवस आले की बनियनला पेंढ्याचा वास. कॉलरमध्ये पेंढ्याच्या काड्या अडकलेल्या असायच्या आणि त्या वेचताना बोटं गोड लागायची. पावसाळ्यात कांदा. गुळाच्या दिवसांत कपडे भिजत घातले की बादलीवर मुंग्या. घड्याळ, पंचांग काही लागायचं नाही, धुणं सांगायचं कोणता महिना चाललाय.

मग एका आंब्याच्या हंगामात दत्ताची पाठ गेली. कशी गेली ते सांगत बसत नाही. गेली. त्यानंतर त्याच्या कपड्यांना फक्त साबणाचा आणि चोळायच्या तेलाचा वास यायला लागला. धुणं हलकं झालं. ते हलकं धुणं मला सगळ्यात जड गेलं, एवढंच सांगते.

गावाहून माझे दीर आले. पायरीवर बसून चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "वैनी, दिवाळी झाली की टेम्पो घिऊन येतो. सामान बांधून ठेवा. हितं आता कोन हाय तुमचं?"

"दत्ता हाय, सुमन हाय."

"दत्ता उठून उभा ऱ्हाईना, आन् सुमन काय पोती उचलनार हाय व्हय? गावाकडं चला. शेतात दोन हात कमीच हायेत."

ते दोन हात कोणाचे, हे मला न सांगता समजलं. दीर वाईट माणूस नव्हता. पण मी त्या घरात नांदलेली होते. पहाटे उठून जात्यावर बसणं, सासूच्या पुढं मान वर न करणं, विहिरीचं पाणी, शेणाचे हात. लोक गावाची आठवण काढून डोळे पुसतात, त्यांनी पुसावे. मी तिथून निघाले तेव्हा वळूनसुद्धा बघितलं नव्हतं. दत्ताचं नशीब दत्ताचं, पण सुमनला त्या जात्यावर बसवायची नाही, असं मी त्या पायरीवरच ठरवलं. बोलले मात्र काही नाही. दिवाळीला वेळ होता.

सुमन म्हणजे माझी सून. दहावी झालेली, उंच, हडकुळी, बोलायला फटकळ. आमचं दोघींचं सुरुवातीला जमलं नाही आणि नंतरही गोडगोड असं कधी नव्हतं. मला ती आत्या म्हणायची, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात.

आमच्या ओळीच्या टोकाला पिठाची गिरणी होती आणि गिरणीवर नवा कॉम्प्युटर क्लास निघाला होता. तिथं सुमन जायला लागली. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. जिन्यावर चपलांचा ढीग होता. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, देवळासारखं. दारातून गार हवा येत होती, पडदे ओढलेले, आणि खालच्या गिरणीचं पीठ एवढं करूनही सगळ्यांच्या भुवयांवर. मी चपलांपाशी बसून राहिले. आतून टकटक ऐकू यायची, पत्र्यावर बारीक गारा पडाव्यात तशी.

क्लासमध्ये एका मशीनवर दोन पोरी. सुमनच्या जोडीला जी होती ती आधी जाऊन माऊस पकडायची आणि तास संपेपर्यंत सोडायची नाही. सुमनच्या वाट्याला कीबोर्ड.

"भांड की तिच्याशी," मी म्हणाले.

"भांडले. सर म्हणाले, माऊस नसला तरी सगळं बटणांवर होतं. उलट लवकर होतं. कंट्रोल धरायचा आणि दुसरं बटण दाबायचं. पण हात बसला पाहिजे, आत्या. आणि तासाभरात कसला हात बसतोय? घरी कुठं आहे मशीन?"

दुसऱ्याच दिवशी मी तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडं गेले. पेटीवाजा टीव्ही, पंखे, तारांची भेंडोळी, त्यात हा कीबोर्ड पडला होता, निम्मी बटणं गेलेली. मला वाटलं, टाईपरायटरसारखाच हा, म्हणजे कॉम्प्युटर म्हणजे हाच. बाकीचा टीव्ही फक्त बघायला. मी मोठ्या रुबाबात घरी आणून सुमनच्या पुढं ठेवला.

सुमन बघत राहिली. "आत्या, हे काय?"

"कॉम्प्युटर. आता बसव हात."

ती भिंतीला टेकून इतकी हसली की आत पडलेला दत्ता विचारायला लागला काय झालं म्हणून. पाठ गेल्यापासून तो पहिल्यांदा हसला तेही तेव्हाच. मला राग आला. पण राग आला तरी मी घेतलेली वस्तू परत करत नाही. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले चिंचोके होते घरात, पोरांच्या खेळाचे. पंक्चरवाल्याकडून सोल्युशन आणलं आणि जिथं बटण नाही तिथं एकेक चिंचोका बसवला. संध्याकाळी सुमननं बोटं ठेवून बघितली. हसली नाही. "बसतायत," म्हणाली.

आता बटणं झाली, पण दाबल्यावर काही व्हायला तर पाहिजे. सुमननं मला सांगितलं की पडद्यावर चौकटींचा कागद असतो, आडव्या ओळी आणि उभ्या ओळी, आणि त्यात एक चौकट म्हणजे आपण असतो. आपण कुठं आहोत ते कळलं पाहिजे, तिथून कुठं जायचं ते कळलं पाहिजे. मी म्हणाले, ही तर ठिपक्यांची रांगोळी आहे. आणि जमिनीवर ठिपके काढले, उभे आडवे, सणाला काढतो तसे. मध्ये एक हळकुंड ठेवलं. ते म्हणजे आपण.

ती चिंचोके दाबायची आणि मी हळकुंड सरकवायचे. बाण खाली दाबला, एक घर खाली. कंट्रोल धरून बाण दाबला, हळकुंड थेट तळाला. तिचं बोट चुकलं तर मी हळकुंड हलवत नसे. "हलत नाही," एवढंच म्हणायचे. थोडक्यात, कॉम्प्युटर मी होते.

मला इंग्रजी येत नव्हतं. चौथीपर्यंत शाळा, तीही मास्तर आला तर. पण कोणतं बोट कुठं पडलं की काय व्हायचं, ते डोळ्यांना कळायला लागलं. सुमन सांगायची ती इंग्रजी नावं माझ्या जिभेवर येईनात, म्हणून मी माझी दिली. सगळ्यात वरच्या कोपऱ्यातल्या पहिल्या घरी जायचं, तो उंबरा. खालपर्यंत जायचं, तो तळ. एका चौकटीतलं दुसरीकडं न्यायचं, तर उचल आणि ठेव. वरच्या चौकटीतलं खालच्या सगळ्यांत उतरवायचं, तर ओघळ. आकड्यांची बेरीज म्हणजे गोळा कर.

मी समोर गोधडी घालत बसायचे, हातातली सुई चालू, आणि ओरडायचे, "उंबरा. तळ. उचल. उंबरा. ठेव." शेजारीण दारातून वाकून म्हणायची, "सासूसुना सारीपाट मांडून बसल्यात की. घरात सगळं आलबेल दिसतंय."

"या की, तुम्हाला पण एक सोंगटी करते," मी म्हणायचे.

दोन शब्द मात्र गोधडीतूनच आले. चुकलेलं काम मागं घ्यायचं बटण असतं, कंट्रोल धरून झेड. मी त्याला नाव दिलं उसव. टाका वाकडा पडला की आपण उसवतो, त्यात लाज कसली? आणि केलेलं काम पक्कं करायचं, त्याला सेव्ह म्हणतात, ते म्हणजे गाठ मार. सुमनला क्लासच्या सरांनी बजावलं होतं की एकदा सेव्ह केलं की आधीची चूक त्या बटणानं मागं येत नाही. मी म्हणाले, हे मला सांगायला सर कशाला पाहिजेत. गाठ मारली की टाका उसवत नाही. आधी बघायचं, मग गाठ.

पंचमी आली. ओळीतल्या बाया गिरणीपुढच्या मोकळ्या जागेत फेर धरायला जमल्या. झिम्मा घालताना सुमनचे हात माझ्या हातावर पडत होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं, ही झिम्मा घालतच नाहीये. तिचा डावा हात खाली राहायचा आणि उजवा टाळीला यायचा. कंट्रोल धरला होता बाईनं. मी तिच्याकडं बघितलं, ती माझ्याकडं बघून ओठ दाबून हसली. मग आम्ही दोघींनी तसाच झिम्मा घातला, उचल, ठेव, ओघळ, उंबरा. बाकीच्यांना वाटलं आमच्या गावची काहीतरी वेगळी तऱ्हा आहे. ढग होते, खाडीकडून चिखलाचा खारट वास येत होता, ओल्या मातीत बांगड्यांचा आवाज. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं आणि तेवढं पुरे आहे.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजतात. मालकाचा पोती ओढायचा लोखंडी हूक दरवर्षी पूजेला असायचा. त्या वर्षी मी त्याच्या शेजारी कीबोर्ड मांडला. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. दत्ता पलंगावरून बघत होता.

"आई, ह्यानं घर चालंल?" त्यानं विचारलं.

"हुकानं चालत होतं तवा हूक पूजला," मी म्हणाले. "आता हे पूजते. गप पड."

कुंकू चिंचोक्यांच्या फटीत गेलं ते गेलंच.

दिवाळीच्या तोंडावर क्लासच्या सरांनी सुमनला सांगितलं की जासईला कंटेनरच्या यार्डात कॉम्प्युटरवर माणूस पाहिजे आहे. आधीचा सोडून गेलाय. एक दिवस काम करून दाखवायचं, जमलं तर ठेवतील. दिवस मिळाला तो दिवाळी नुकतीच उलटलेली. दिराचा निरोप आला होता, त्याच दिवशी टेम्पो घेऊन येतो. सुमनला मी सांगितलं नाही. मीच भांडी पोत्यात भरली, गोधड्यांची गाठोडी बांधली. जातं कोपऱ्यात होतं ते तेवढं बांधलं नाही. सुमन काही आंधळी नव्हती.

"आत्या, नाही जमलं तर?"

"तर टेम्पो आहेच. चल."

बेलापूरवरून उरणची बस धरली. दिवाळे गावची एक कोळीण टोपली घेऊन आमच्या पुढ्यात बसली. बसमध्ये म्हावऱ्याचा वास आणि गार वारा. सुमन मांडीवर बोटं नाचवत होती आणि बोटं कापत होती.

"कुनीकरं चालल्याव गो बाय?" कोळणीनं विचारलं.

"परीक्षा आहे हिची. जासईला."

तिनं सुमनचा हात आपल्या हातात घेतला. "हात तर बरफ हाय तुजा. कोलबी सोलाला बसताना आमी पन आदी हात गरम करताव. थंड बोटाना काय व्हनार हाय?" आणि तिनं ते हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून चोळले, स्वतःच्या पोरीचे चोळावेत तसे. जासई येईपर्यंत सुमनच्या बोटांना कोळंबीचा वास लागला होता, पण कापणं थांबलं होतं.

यार्ड म्हणजे काय ते मी तेव्हा बघितलं. लाल, निळे, गंजलेले लोखंडी डबे एकावर एक, घरांएवढे. मधून धुळीचे रस्ते, डिझेलचा धूर, आणि गेटपासून पार वळणापर्यंत ट्रेलरची रांग. सगळे भोंगे वाजवत होते. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, गज लावलेली एक खिडकी. तिथले साहेब म्हणजे नायर, जाड भिंगाचा चष्मा, घाईचा माणूस.

"मॅडम, टेस्ट बिस्ट काही नाही," ते म्हणाले. "ती बाहेरची लाईन बघा. कोणता डबा कुठं ठेवलाय ती लिस्ट अर्धी झालीये. ती पूर्ण होऊन प्रिंट निघाल्याशिवाय गेटवाला एकही गाडी आत सोडणार नाही. लाईन क्लिअर केली तर जॉब तुमचा. नाहीतर उद्या दुसरा माणूस येणार आहे."

मी खिडकीखाली दगडावर बसले. माझ्या पुढ्यात ड्रायव्हर लोक उभे होते, विड्या ओढत. त्यातला एक म्हातारा सरदारजी म्हणाला, "अम्मा, अंदर कौन बैठा है?"

"मेरी बहू."

"उसको बोलो, सुबह से रोटी नहीं खाई हमने."

"तुम भोंगा बंद करो, तो होयगा," मी म्हणाले. तो हसला आणि खरंच आपल्या माणसांना गप्प करायला गेला.

भोंगे थांबल्यावर आतली टकटक ऐकू आली. आधी अडखळत, चार बटणं आणि थांबणं. मग लय सापडली. पाठमोरी बसून मला सगळं कळत होतं. ही तळाला गेली. इथं उचललं. ठेवलं. आता ओघळ, कारण एकदमच सगळं खाली उतरल्यासारखा एकच ठोका आणि मग विसावा. आणि दर थोड्या वेळानं डाव्या हाताचा तो दुहेरी आवाज, गाठ. तो पंचमीचा झिम्मा होता. मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी उन्हात बसून पायानं ठेका धरत होते आणि पलीकडं खाडीवर पांढरे बगळे उतरत होते. आयुष्यात मी एवढी उगीच बसून कधी राहिले नव्हते आणि एवढी कामातही कधी नव्हते.

ऊन डोक्यावर आलं आणि टकटक थांबली.

मी वाट बघितली. नाहीच. मग सुमनचा आवाज आला, अगदी बारीक. "गेलं."

मी उठून गजाला धरून उभी राहिले. पडद्यावर डब्यांच्या नंबरांची उभी ओळ होती ती पांढरी पडली होती, वरपासून खालपर्यंत. सगळी ओळ निवडून काहीतरी करायला गेली आणि भलतंच बटण दाबलं गेलं. नायर साहेब मागं उभे होते, दोन्ही हात डोक्यावर. "सकाळपासूनची लिस्ट," ते म्हणाले, "अरे भगवान." सुमनचा चेहरा मला दिसत नव्हता, हात दिसत होते. आणि तिचा डावा हात, सवयीनं, काही विचार न करता, गाठ मारायला चालला होता. करंगळी कंट्रोलवर पडलीसुद्धा होती.

"सुमन," मी ओरडले. "गाठ मारू नको. उसव आधी."

तिचा हात तसाच थांबला. मग एक बोट खाली सरकलं आणि एक ठोका. सगळे नंबर जागच्या जागी परत आले, दिवे गेले आणि परत आले की घर दिसतं तसे.

"आता बघ नीट," मी म्हणाले. "आणि मग मार गाठ."

तिनं बघितलं. मग गाठ मारली.

नायर साहेब खिडकीकडं वळले. चष्मा सरकवून माझ्याकडं बघत राहिले. "ये कौन है?"

"सासू," सुमन म्हणाली.

"यांना कॉम्प्युटर येतो?"

"नाही सर. गोधडी येते."

साहेबांना काय समजलं देव जाणे, ते खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी दोन चहा मागवले. एक खिडकीतून मला दिला. तो चहा पांचट होता, पण मी सगळा प्यायले.

उन्हं कलली तेव्हा आत प्रिंटर करकरायला लागला. तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. कापड फाडल्यासारखा, लांबच लांब. गेटवाला कागद घेऊन धावत गेला. पहिल्या ट्रेलरचं इंजिन सुरू झालं, मग मागच्याचं, मग त्याच्या मागच्याचं, वळणापर्यंत. जमीन थरथरायला लागली. सरदारजीनं जाता जाता खिडकीशी गाडी हळू केली आणि भोंगा वाजवला. त्याच्या मागच्यानंही वाजवला. मग सगळेच वाजवत गेले. धुळीनं माझं तोंड भरलं. मी पदर लावला नाही. म्हटलं, येऊ दे.

नायर साहेब दारात येऊन रिकाम्या रस्त्याकडं बघत उभे राहिले. "मॅडम, उद्या या," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "परवा पण या. आता रोजच या."

परतीच्या बसला तीच कोळीण होती, टोपली रिकामी, तळाला उरलीसुरली कोळंबी. "झाला का काम?" तिनं लांबूनच विचारलं. सुमननं मान डोलावली. कोळणीनं ती कोळंबी पानात बांधून सुमनच्या मांडीवर ठेवली आणि खिडकीतून बाहेर बघत बसली. पैसे काढले तर म्हणाली, "ठेव गो. हात कुनी गरम केलं हुतं?"

घरी टेम्पो उभा होता. दीर पायरीवर, दत्ता भिंतीला टेकून बसलेला, शेजारीण दारात. माझी गाठोडी टेम्पोत चढलेली होती.

"आलाव एकदाच्या," दीर म्हणाले. "चला, अंधाराच्या आत घाट गाठू."

मी टेम्पोजवळ गेले. एक गाठोडं ओढून खाली टाकलं. मग दुसरं. मग भांड्यांचं पोतं ओढलं तेव्हा सुमननं दुसरं टोक धरलं. ओळीतल्या बाया जमल्या.

"वैनी, ह्ये काय चाललंय?"

"उसवतेय," मी म्हणाले.

"आँ?"

"सुमनला नोकरी लागली, भावजी. जासईला, यार्डात. उद्यापासून जायचंय."

दीर सुमनकडं बघायला लागले, मग तिच्या हातांकडं. "ह्या बोटांवर घर चालवनार?"

सुमन फटकळच. म्हणाली, "मामंजी, पोती पण बोटांनीच धरतात."

दत्ता हसला, मग शेजारीण, मग दीरसुद्धा. सांगितलं ना, माणूस वाईट नव्हता. टेम्पो रिकामा कसा न्यायचा म्हणून कुरकुरायला लागले, तेव्हा मी म्हणाले, रिकामा कशाला. आत गेले आणि कोपऱ्यातलं जातं दाखवलं. माझ्या सासूनं मला दिलेलं. मी ते गावाहून इथं ओढत आणलं होतं आणि गिरणी ओळीच्या टोकाला असताना वर्षानुवर्षं कोपऱ्यात सांभाळलं होतं.

"हे घेऊन जा," मी म्हणाले. "आमच्याकडं कोणाला लागत नाही."

टेम्पोबरोबर आलेल्या दोघा गड्यांनी ते उचलून टेम्पोत ठेवलं. कोपऱ्यात जमिनीवर गोल डाग राहिला. त्या रात्री आम्ही कोळंबीचं कालवण केलं आणि सुमननं त्या गोल डागावर बसून ते ओरपलं.

पुढचं काय, पुढं वर्षं गेली. दत्ता उठून उभा राहिला, मग चालायला लागला. त्यानं गिरणीशेजारी छोटं दुकान टाकलं. सुमन रोज उरणच्या बसनं गेली, पावसात, धुळीत, भरती-ओहोटीत. कोपरखैरण्याचं घर सोडून आम्ही कामोठ्याला आलो, तेव्हा इथं इमारती कमी आणि चिखल जास्त होता. आता सुमनच्या हाताखाली पोरी आहेत. ती लॅपटॉप घेऊन घरी आली की मी स्वयंपाकघरातून ऐकते. बटणं आता मऊ झालीत, पूर्वीसारखी वाजत नाहीत. पण ठेका तोच.

तर मी माळ्याखाली कीबोर्ड घेऊन बसले होते. सुमन आत भाकरी थापत होती. तिनं वाकून बघितलं.

"अगंबाई. हा आहे अजून?"

"भंगारात देतेय."

"द्या," ती म्हणाली. जुन्या वस्तूंना कवटाळून बसायचं नाही, हे तीही माझ्याकडंच शिकलेली. पण परत भाकरीकडं जाताना तिनं पिठाच्या बोटांनी एक चिंचोका दाबून बघितला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. हात पिठात, म्हणून मी उचलला. यार्डातली नवी पोर होती, रडकुंडीला आलेली. "मॅडम आहेत का? मावशी, लवकर द्या ना, सगळी लिस्ट गेली हो. अख्खा कॉलम. मी काय करू, सेव्ह करू का?"

मी सुमनकडं बघितलं. ती भाकरी तव्यावर टाकत होती, माझ्याकडं बघून हसत होती.

"हात काढ आधी," मी पोरीला म्हणाले. "गाठ मारू नको. उसव."

मला वाटलं विचारेल, म्हणजे काय. नाही विचारलं. पलीकडं एक ठोका ऐकू आला, आणि मग मोठा श्वास.

"आलं, मावशी. सगळं आलं."

"आता नीट बघ."

"बघितलं."

"मग मार गाठ."

फोन ठेवला. सुमन म्हणाली, "तिकडं सगळ्या पोरी असंच म्हणतात, आत्या. उसव, गाठ मार. साहेबसुद्धा म्हणायचे, रिटायर होईपर्यंत."

मी सगळं सामान घेऊन खाली गेले तर भंगारवाला गल्लीच्या पार पुढं निघून गेला होता. कुलर आणि सायकल दारात ठेवून दिली, परत येईल तेव्हा नेईल. कीबोर्ड वर घेऊन आले, फडक्यानं पुसला आणि सुमनच्या लॅपटॉपशेजारी ठेवला. खंडेनवमी जवळ आलीय. पूजेला हत्यार लागतं.